लॅब्रॅडॉरच्या गुडघ्याचं लिगामेंट जुनं तुटलेलं, आता संधिवात: काय काय करता येईल?

तगर

नमस्कार मंडळी. शेजारचं कुटुंब परदेशी स्थायिक झालं आणि त्यांचा लॅब्रॅडॉर आमच्याकडे आला. नाव बंड्या, वय नऊच्या पुढे, वजन ४१ किलो. स्वभावाने सोनं. मागच्या डाव्या पायाने लंगडतो आणि हे आजकालचं नाही. आधीच्या घरी "वय झालं की होतंच" म्हणून कुणी खोलात शिरलं नव्हतं.

मला जे दिसतं ते लिहिते. सकाळी उठताना आधी पुढचे पाय रोवून छाती उचलतो, मग सगळा भार उजव्या पायावर घेऊन मागचा भाग वर ओढतो. डावा पाय नुसता बोटांवर टेकतो. थोडं चालला की पाय मोकळा होतो, पण फिरून येऊन झोपला की तासाभराने पुन्हा आखडतो. बसताना डावा गुडघा अंगाखाली घेत नाही, बाहेर सोडून देतो. दोन्ही मांड्यांवरून एकाच वेळी हात फिरवला तर डावी मांडी स्पष्ट बारीक लागते, आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला टणक फुगवटा आहे.

एक्स-रे काढला. एका डॉक्टरांचं म्हणणं, क्रुशिएट लिगामेंट केव्हाच तुटलंय, सांध्यात हाड वाढलंय, ऑपरेशनची वेळ गेली, दुखेल तेव्हा गोळी द्या. दुसऱ्या डॉक्टरांनी टीपीएलओ ऑपरेशन सुचवलं. इतका फरक कसा? आणि ऑपरेशन नाही केलं तर "दुखेल तेव्हा गोळी" याच्या पलीकडे काहीच नाही का? ज्यांनी असं जुनं दुखणं सांभाळलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सायली_ठाणे

आमच्याकडेही अगदी हेच. नऊ वर्षांची मादी, लॅबच. सासूबाई म्हणतात, ओरडत नाही म्हणजे दुखत नाही. वाचतेय.

पशुवैद्य_सातारा

तगर, तुमचं वर्णन इतकं नेमकं आहे की निम्मी तपासणी तिथेच झाली.

आधी हे लिगामेंट करतं काय ते सांगतो, म्हणजे दोन डॉक्टरांची दोन मतं का हे कळेल. कुत्र्याच्या नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग सपाट नसतो, मागे उतरता असतो. त्यामुळे पायावर भार पडला की नडगीचं हाड पुढे सरकायला बघतं. त्याला धरून ठेवणारा दोर म्हणजे हे क्रुशिएट लिगामेंट. माणसात ते बहुतेक वेळा खेळताना झटक्यात तुटतं. कुत्र्यात बहुतांश वेळा ते महिनोन् महिने झिजत, एकेक तंतू सुटत कमकुवत होतं आणि शेवटी साध्या उडीने तुटतं. "जिन्यावरून पडला तेव्हा झालं" असं घरचे सांगतात, पण दोर आधीच विरलेला असतो. लॅब्रॅडॉर आणि रॉटवायलर यांत हे फार दिसतं.

तुटल्यावर प्रत्येक पावलाला हाड पुढे घसरतं. आतल्या बाजूची मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली गादी, चिरडली जाऊ शकते. शरीर सांधा आवरायला बघतं आणि त्याच्याभोवती जाड, चिवट ऊती तयार करतं. तुमच्या हाताला लागलेला टणक फुगवटा तोच. कडेने हाडाचे कंगोरे वाढतात. अशा जुन्या गुडघ्यात हाड पुढे ओढून बघायची जी चाचणी असते ती कधी कधी साफ नकारात्मक येते, कारण सांधा घट्ट झालेला असतो. गुडघा घट्ट लागला म्हणजे बरा झाला असं मात्र समजू नका.

एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही. दिसतं ते सांध्यातलं पाणी, हाडाची वाढ, नडगीचं हाड पुढे सरकलेलं असणं. म्हणून "वेळ गेली की नाही" हे एक्स-रेच्या एका फोटोवर किंवा किती वर्षं झाली त्यावर ठरत नाही. दोन प्रश्न आहेत: चालताना गुडघा अजून घसरतो का, आणि मेनिस्कस फाटलेली आहे का? घसरत असेल तर जुन्या केसमध्येही ऑपरेशनने आराम पडू शकतो. मेनिस्कस फाटलेली असेल तर औषधं आणि व्यायाम यांचा गुण फार येत नाही. बरा चाललेला कुत्रा एकाएकी पाय उचलूनच धरायला लागला, किंवा चालताना गुडघ्यातून "टक" असा आवाज येत असेल, तर त्या दिशेने बघायला हवं. भूल हलकी देऊन गुडघा नीट तपासता येतो. मांडी ताणलेली असताना जे हाताला लागत नाही ते तेव्हा लागतं.

ऑपरेशनने झालेला संधिवात मागे फिरत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. टीपीएलओमध्ये नडगीचा उतार कापून सपाट करतात आणि प्लेट बसवतात. घसरणं थांबतं, झिजलेली कूर्चा परत येत नाही. त्यामुळे पुढे मी जे लिहीन ते ऑपरेशन करा किंवा नका करू, दोन्हीकडे लागू आहे.

सायली, ओरडण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. सांध्याचं जुनं दुखणं असलेली कुत्री सहसा ओरडत नाहीत. ती गुडघा चाटत राहतात, रात्री जागा बदलत राहतात, गाडीत उडी मारणं सोडतात, लहान मुलाने मागून हात लावला की गुरगुरतात. लंगडणं हेच दुखणं आहे. पाय वापरला की त्रास होतो म्हणून तो कमी वापरला जातोय.

दिगंबर_रत्नागिरी

आमचा मोती गावठी, १४ किलोचा. मोटरसायकलची धडक बसली, पाय बरेच दिवस टेकलाच नाही. इथे जवळ ऑपरेशनची सोय नव्हती. आवारात बांधून ठेवला, हळूहळू दोरीने फिरवला. आज नारळाच्या बागेत सगळीकडे जातो, थंडीत थोडा लंगडतो एवढंच. माझ्या मते ऑपरेशनची एवढी घाई करू नये.

शिरीष_नागपूर

दिगंबर, मोती बरा झाला हे वाचून आनंद झाला, पण १४ किलो आणि ४१ किलो यांत फार अंतर आहे. १९८४ मधला एक जुना आणि सतत उल्लेखला जाणारा अभ्यास आहे: ऑपरेशनशिवाय सांभाळलेल्या कुत्र्यांपैकी १५ किलोच्या आतली साधारण ८५ टक्के सहा महिन्यांत नीट चालू लागली किंवा सुधारली, त्याहून मोठ्यांमध्ये हे प्रमाण २० टक्क्यांच्याही खाली होतं. म्हणून मोतीचा दाखला बंड्याला लावता येणार नाही.

पण चित्र एवढंच नाही. २०१३ मध्ये वजन जास्त असलेल्या कुत्र्यांवर अभ्यास झाला. त्यात ऑपरेशन न केलेल्या गटालाही वजन उतरवणं, फिजिओ आणि वेदनाशामक औषध असं तिन्ही शिस्तीत दिलं. वर्षअखेर त्यांतली जवळपास दोन तृतीयांश चांगल्या स्थितीत होती. ऑपरेशनचा गट त्यांच्या पुढेच होता, पण "मोठा कुत्रा, ऑपरेशन नाही, म्हणजे संपलं" हे खरं नाही. मात्र तिन्ही गोष्टी हव्यात. दुखेल तेव्हा गोळी आणि बाकी काही नाही, याला सांभाळणं म्हणता येत नाही.

मेधा_सिॲटल

वजनाबद्दल मला कळकळीने लिहायचंय, कारण आपल्या घरांत तिथेच सगळं अडतं.

लॅब्रॅडॉरवरच एक मोठा अभ्यास झाला, निष्कर्ष २००२ मध्ये आले. ४८ पिल्लं, जोड्या लावलेली. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, आयुष्यभर. कमी खाणारी साधारण १३ वर्षं जगली, दुसरी ११.२. आणि संधिवाताचं औषध सुरू करायची वेळ त्यांच्यावर बरीच उशिरा आली. दुसऱ्या एका अभ्यासात संधिवाताच्या जाड कुत्र्यांचं वजन फक्त सहा टक्क्यांच्या आसपास उतरल्यावर लंगडणं कमी झाल्याचं मोजता आलं. ४१ किलोच्या बंड्यासाठी सहा टक्के म्हणजे अडीच किलो. हे कुठल्याही घराला जमण्यासारखं आहे.

बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत, डोळ्यांना नुसत्या जाणवल्या पाहिजेत. वरून बघितलं तर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे.

तगर

बरगड्या लागत नाहीत. दाबून शोधाव्या लागतात. डॉक्टर, किती कमी करायचं आणि खायला किती द्यायचं? आत्ता दोन वेळा पेडिग्री, वर बाबांच्या ताटातली पोळी, संध्याकाळी चहाबरोबर बिस्किटं.

पशुवैद्य_सातारा

लक्ष्य ३३ किलो धरू. त्या वजनाला दिवसाला साधारण ९५० ते १००० कॅलरींपासून सुरुवात करा. आता हिशेब बघा: मध्यम आकाराची पोळी जवळपास १०० कॅलरी, चार ग्लुकोज बिस्किटं म्हणजे आणखी शंभर. दोन पोळ्या आणि चार बिस्किटं गेली की दिवसाच्या खाण्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा तिथेच संपला. कोरडं खाणं वाटीने मोजू नका, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा. पाकिटामागे १०० ग्रॅमला किती कॅलरी ते छापलेलं असतं.

आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के उतरलं तर योग्य. त्याहून भराभर नको, नाहीतर आधीच सुकलेली मांडी आणखी सुकेल. प्रथिनं कमी होऊ देऊ नका. बाबांना पोळी देण्यातलं प्रेम तोडायचं नाही. त्यांच्या हाती उकडलेली फरसबी किंवा काकडीचे तुकडे द्या. कांदा, द्राक्षं, मनुका चुकूनही नकोत. आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या, कमी खाऊनही वजन हलत नसेल तर.

औदुंबर

गोळीबद्दल विचारायचं होतं. घरी आईची मेलॉक्सिकॅम आहे, कुत्र्यांनाही तेच देतात असं वाचलं. तेच दिलं तर चालेल?

पशुवैद्य_सातारा

नाही. मोठ्या अक्षरांत लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं.

औषध तेच असलं तरी मात्रा वेगळी. ३० किलोच्या कुत्र्याला रोजची मेलॉक्सिकॅम साधारण ३ मिलिग्रॅम लागते. माणसांची गोळी साडेसात किंवा १५ मिलिग्रॅमची. अशी गोळी रोज दिली तर पोटात व्रण, रक्तस्राव, मूत्रपिंडाला इजा. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्याला मुळीच नाही. डायक्लोफिनॅकवर जनावरांसाठी २००६ मध्ये आपल्याकडे बंदी आली ती गिधाडांमुळे, पण माणसांच्या औषधांत ते सर्रास असतं आणि पाय दुखतोय म्हणून दिलेल्या एका गोळीने काळी शी करत आलेली कुत्री मी पाहतो. अंगदुखीच्या मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन एकत्र असतं, त्यापासून तर लांबच राहा.

कुत्र्यासाठीची औषधं आहेत: मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन, फिरोकॉक्सिब. यांतलं एका वेळी एकच, आणि स्टेरॉइडबरोबर कधीच नाही. सुरू करण्याआधी मूत्रपिंड, यकृत आणि रक्तपेशींची तपासणी. चालू राहिलं तर काही महिन्यांनी पुन्हा. उलटी, जुलाब, काळी शी, खाणं सोडणं यांपैकी काहीही दिसलं की गोळी थांबवून फोन करायचा. जुन्या संधिवातात मी "दुखेल तेव्हा" ऐवजी आधी काही आठवडे सलग देऊन बघतो, कारण दुखणं उतरलं तरच कुत्रा पाय वापरतो, आणि पाय वापरला तरच मांडी भरते. मग सगळ्यात कमी मात्रेवर आणता येतं. तेवढ्याने भागलं नाही तर गॅबापेंटिनसारखी जोड देतात. त्याचं माणसांचं पातळ औषध मात्र नको. काहींत झायलिटॉल नावाचा गोडवा असतो आणि तो कुत्र्याला विष आहे.

आपल्याकडच्या लोकांसाठी आणखी एक. लंगडणं प्रत्येक वेळी गुडघ्याचंच नसतं. गोचीड तापातही सांधे सुजतात, आज हा पाय तर उद्या तो. त्यात प्लेटलेट खाली गेलेल्या असतात आणि अशा वेळी वेदनाशामक देणं धोक्याचं. म्हणून रक्ततपासणी आधी.

सायली_ठाणे

डॉक्टर, ग्लुकोसामाइन? आणि सासूबाई रोज नारायण तेलाने मालिश करतात, ते चालू ठेवू का?

पशुवैद्य_सातारा

ग्लुकोसामाइनने अपाय सहसा होत नाही, पण पुरावा कमकुवत आहे. पैसे मोजकेच असतील तर माझी पसंती माशाच्या तेलाला, म्हणजे ईपीए आणि डीएचए असलेल्या ओमेगा-३ ला. मात्रा डॉक्टरांकडून घ्या, जास्त झालं तर जुलाब होतात आणि कॅलरी वाढतात. सासूबाईंचा हात फार उपयोगाचा आहे, तेल नको. कुत्रा ते चाटतो. माणसांच्या दुखण्याच्या बाममधलं मिथाइल सॅलिसिलेट आणि कापूर पोटात जाणं वाईट. कोरड्या हाताने मांडी, कंबर आणि खांदे हळुवार चोळू द्या. खांदे विसरू नका, मागचा पाय दुखणारा कुत्रा सगळं ओझं पुढे घेतो. चालायला काढण्याआधी कोमट शेक दहा मिनिटं, मधे कापड घालून.

नीलपक्षी

मी लेस्टरला कुत्र्यांच्या फिजिओ केंद्रात काम करते, मूळची सांगलीची. व्यायामाचं मी लिहिते.

पहिली गोष्ट जमीन. आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्सवर अशा कुत्र्याचा पाय दिवसभरात कितीदा तरी निसटतो, आणि प्रत्येक निसटण्याला गुडघा ताणला जातो. झोपायची जागा, पाण्याचं भांडं, दार, एवढी वाट रबरी पाठीच्या पायपुसण्यांनी किंवा योगा मॅटनी जोडून टाका. सतरंजी नको, ती स्वतःच सरकते. नखं जमिनीला टेकून टकटक वाजत असतील तर कापा, तळव्यांच्या बोटांमधले केसही कापा. सोफ्यावर आणि गाडीत उडी बंद. इमारतीला लिफ्ट नसेल तर जुना पंचा किंवा जाड ओढणी पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढून घेऊन वर धरा. उतरताना जास्त जपा.

फिरणं: दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं, रोज सारखं. आठवडाभर घरात आणि रविवारी टेकडी, हे सगळ्यात वाईट. आणि हळू. हे मी प्रत्येकाला करून दाखवते: कुत्रा भरभर चालला की तीन पायांवर दुडकत दुखरा पाय उचलून धरतो. दोरी आखूड धरून अगदी संथ, एकेक पाऊल चालवला की तोच पाय नाइलाजाने टेकतो. लंगडत का होईना, टेकला पाहिजे. तिथूनच मांडीचा स्नायू परत यायला लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त आखडला असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, थोडं मागे या.

घरचे व्यायाम: न घसरणाऱ्या चटईवर कोपऱ्यात भिंतीला डावी बाजू लावून उभा करा म्हणजे गुडघा बाहेर टाकता येणार नाही, आणि "बस-ऊठ" पाच वेळा. उभा असताना हलकेच कंबरेला एका बाजूने दाब, मग दुसऱ्या बाजूने, म्हणजे भार डाव्या पायावर जातो. नंतर जमिनीवर तीन-चार झाडूंचे दांडे ठेवून त्यांवरून हळू चालवणं. पाण्यातल्या ट्रेडमिलची सोय मोठ्या शहरांत शोधा, जड कुत्र्याला ती फार मानवते. चेंडू फेकणं, फ्रिस्बी, दुसऱ्या कुत्र्याशी धावाधाव, हे मात्र नाही.

शिंप्याच्या टेपने दोन्ही मांड्यांचा घेर महिन्यातून एकदा मोजा, कुत्रा उभा असताना, दर वेळी त्याच उंचीवर, आणि फोनवर चालतानाचा व्हिडिओ एकाच जागी, एकाच बाजूने घ्या. रोज बघणाऱ्याला सुधारणा कळत नाही.

दिगंबर_रत्नागिरी

गुडघ्याचे पट्टे ऑनलाइन मिळतात, ते उपयोगी आहेत का? आमच्याकडे समुद्र आहे, पोहायला नेऊ का?

नीलपक्षी

पट्ट्याबाबत पुरावा थोडा, आणि कोकणच्या दमट हवेत त्याखाली कातडी सोलवटते. ऑपरेशन शक्यच नसेल तर मापाचा बनवून घेऊन, सुरुवातीला थोडा वेळ घालून, रोज कातडी बघून वापरतात. मांडी मात्र त्याने भरत नाही. समुद्रात लाटा आणि सुटी वाळू, दोन्ही नको. शांत पाण्यात, उतरायला सौम्य उतार असेल, अंगात लाइफ जॅकेट असेल आणि तुम्ही बरोबर असाल तर चालेल. पाण्यात उडी नाही.

मेधा_सिॲटल

इकडे बेडिनव्हेटमॅब नावाचं महिन्याला एक इंजेक्शन आहे, युरोपात २०२० मध्ये आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झालेलं. मज्जातंतूंना दुखण्याचा निरोप देणाऱ्या एका प्रथिनाला ते अडवतं. आमच्या कुत्र्याला गुण आला. पण डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या औषध प्रशासनाने पशुवैद्यांना पत्र पाठवून काही गंभीर दुष्परिणामांच्या नोंदी कळवल्या, तोल जाणं आणि फिट येणं त्यांत आहे. परदेशातल्या मराठी मंडळींनी डॉक्टरांशी दोन्ही बाजू बोलूनच घ्यावं.

तगर

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑपरेशनचं ठरवण्याआधी भूल देऊन नीट तपासणी करून घेते, परळ किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात. रक्ततपासणी उद्या. पायपुसणी घातली आहेत. एक शेवटचा प्रश्न: उजवा पाय आत्ता ठीक आहे, त्याचं काय?

पशुवैद्य_सातारा

त्याच्यावर लक्ष ठेवाच. एका पायाचं लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांपैकी साधारण निम्म्यांचं पुढे दुसऱ्याचंही जातं, आणि बंड्या सगळा भार त्याच पायावर घेतोय. दोन्ही गुडघे गेले की लंगडणं उलट कमी दिसतं, कारण उचलून धरायला चांगला पाय उरलेला नसतो. मग घरच्यांना वाटतं कंबर गेली किंवा मणक्याचा त्रास आहे. उजवा गुडघा बसताना बाहेर जायला लागला, उठायला जास्त वेळ लागायला लागला किंवा पाठ वाकवून पुढच्या पायांवर झुकून उभा राहायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना दोन्ही गुडघे बघायला सांगा, आणि जुना एक्स-रे बरोबर न्या.

सायली_ठाणे

आमचीचे दोन्ही गुडघे बाहेर जातात बसताना. उद्याच वेळ घेते.